'गस्तीमुळे गुन्हेगारी घटली' हे वाक्य बरोबर आहे का?

जळगावच्या एका वाचकाने दोन वाक्ये पाठवली आहेत: 'गस्त वाढवल्यामुळे शहरातील गुन्हेगारी घटली' आणि 'रोजगार वाढल्यामुळे शहरातील गुन्हेगारी घटली'. विचारणा अशी की 'गुन्हेगारी घटली' आणि 'गुन्हे घटले' एकच का, आणि 'मुळे' कोणत्या वाक्यात शोभतो?

व्याकरणाने दोन्ही वाक्ये चोख आहेत. अडचण अर्थाची आहे, आणि 'मुळे'च्या आधी ती 'गुन्हेगारी'पाशीच सुरू होते.

फारसी 'गुनाह'वरून 'गुन्हा', त्यावरून 'गुन्हेगार' आणि 'गुन्हेगारी'. पेशवाईतल्या हिशेबात गुन्हेगारी म्हणजे गुन्ह्याबद्दल वसूल केलेला दंड. ती सरकारी उत्पन्नाची बाब होती. त्या काळच्या कमाविसदाराने, म्हणजे महसूल गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याने, 'यंदा गुन्हेगारी घटली' असे कळवले असते, तर वरून जाब विचारला गेला असता! आज आपण हा शब्द प्रवृत्ती, धंदा किंवा एकूण गुन्हे अशा सैल अर्थाने वापरतो. पोलीस ठाण्यात मोजले जातात ते मात्र दाखल गुन्हे, म्हणजे ज्यांना गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) पडला तेवढेच.

दाखल होण्याआधीच बरेच काही गळते. फुले मार्केटच्या गर्दीत खिशातून मोबाईल गेला आणि कागदावर 'चोरी'ऐवजी 'गहाळ' लिहिले गेले, की गुन्हा उरत नाही, नुसती नोंद राहते. १ जुलै २०२४पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यांत पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र धरली आहे, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. त्यामुळे एकही चोर कमी न होता दाखल चोऱ्यांचा आकडा उतरू शकतो. शिवाय एकाच प्रकरणात अनेक कलमे असली, तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यात सर्वांत गंभीर तेवढेच मोजतात.

उलटही होते. देशात २०१९ साली सुमारे ५१ लाख ५६ हजार दखलपात्र गुन्हे नोंदले गेले, २०२०मध्ये ६६ लाखांवर. टाळेबंदीत चोऱ्या तर घटल्या होत्या. आकडा फुगवला तो मुख्यतः जमावबंदी आणि संचारबंदीचे आदेश मोडल्याच्या, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतील कलम १८८च्या, गुन्ह्यांनी. म्हणून 'चोरीचे दाखल गुन्हे', 'घरफोडीचे दाखल गुन्हे' असा प्रकार सांगावा. दरोडा आणि जबरी चोरी यांचीही सरमिसळ नको: दरोड्याला कायद्याने किमान पाच जण लागतात.

'घटली' म्हणताना संख्या की प्रमाण, हेही ठरवा. समजा शहर पाच लाखांचे सहा लाखांचे झाले आणि चोऱ्या ५००वरून ५४०वर गेल्या. संख्या वाढली, पण लाखामागचे प्रमाण १००वरून ९०वर आले.

आता 'मुळे'. 'नंतर' फक्त क्रम सांगतो. 'मुळे' कारणाची हमी देतो. 'वाढवल्याने'तला 'ने'ही तेच करतो, म्हणून 'मुळे' काढून तो घातला तर सुटका होत नाही. न्यूयॉर्कचे उदाहरण नेहमी पुढे येते. तिथे १९९०मध्ये २,२४५ खून झाले, १९९८मध्ये ६३३. श्रेय मिळाले १९९४ साली आलेल्या 'कॉम्पस्टॅट' या आकडेवारीवर चालणाऱ्या पोलीस पद्धतीला. पण १९९३मध्येच खून १,९४६वर आले होते, आणि त्याच दशकात तशी पद्धत नसलेल्या गावांतही गुन्हे उतरले, कॅनडातही. पोलिसांचा वाटा शून्य होता असे यातून निघत नाही. सगळी घट त्यांच्या खात्यावर टाकता येत नाही, एवढेच.

'गस्त' हा शब्दही फार ढोबळ आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत १९७२-७३मध्ये १५ बीट (गस्तीसाठी पाडलेले भाग) घेऊन पाचांत नेहमीची फिरती गस्त ठेवली, पाचांत दुप्पट-तिप्पट केली, पाचांत बंद करून फक्त बोलावल्यावर गाडी पाठवली. गुन्ह्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पुढे मिनियापोलिसमध्ये तक्रारी एकवटणाऱ्या मोजक्या जागांवर पोलीस वारंवार उभे केले, तेव्हा मात्र फरक दिसला. रिकाम्या रस्त्यावरून गाडी फिरवणे वेगळे, आणि बसस्थानकाच्या फाटकाशी ठरावीक वेळी शिपाई असणे वेगळे. दोन्हींना आपण गस्तच म्हणतो.

रोजगाराच्या वाक्यालाही हीच कसोटी लावा. आणि काही घट या दोन्ही रकान्यांत बसत नाही: चावीशिवाय इंजिन सुरूच होऊ न देणारे यंत्र मोटारींत बसू लागल्यावर ब्रिटनमध्ये गाडीचोऱ्या उतरल्या.

तेव्हा आकडे हाती असतील तर असे लिहावे: 'गस्त वाढवल्यानंतरच्या सहा महिन्यांत घरफोडीचे दाखल गुन्हे गेल्या वर्षीच्या याच काळापेक्षा घटले.' 'मुळे' लिहायचाच असेल, तर गस्त न वाढवलेल्या भागात काय झाले ते शेजारी द्या.

जाता जाता, 'चोरीच्या घटना घटल्या' हे मराठीत बरोबर आहे. पण हिंदीत घटना 'घटते' म्हणजे घडते. बऱ्हाणपूरकडची हिंदी रोज कानावर पडणाऱ्या रावेर-यावलच्या वाचकाला त्यातून उलटाच अर्थ लागू शकतो. तिथे 'कमी झाल्या' लिहिलेले बरे.