लॅब्राडॉरचे पिल्लू घेताना ब्रीडर जबाबदार आहे हे कसे ओळखावे?

आपण विचारले आहे की, पुण्यातील एक विक्रेता ३५ दिवसांचे, ‘पेपरवाले, डबल बोन’ लॅब्राडॉर पिल्लू आगाऊ रक्कम भरल्यावर महामार्गावरील एका हॉटेलपाशी आणून देतो म्हणतो, तर ते घ्यावे का. माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार ८ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करून घेणे बंधनकारक आहे. ही वयाची अट केवळ कागदोपत्री नाही. चावा किती जोरात घ्यायचा आणि कुठे थांबायचे हे पिल्लू याच काळात भावंडांशी खेळताना आणि आईचा धाक सोसताना शिकते. शिवाय पहिली लस साधारणपणे ६ ते ८ आठवड्यांच्या दरम्यान दिली जाते. त्यामुळे ३५ दिवसांच्या पिल्लाचे ‘लसीकरण पूर्ण’ असल्याचे कोणी सांगत असेल, तर तेथेच बोलणे थांबवावे.

‘डबल बोन’ असा लॅब्राडॉरचा कोणताही प्रकार नाही. जाड पंजे आणि रुंद छाती दाखवून भाव वाढवण्यासाठी बाजाराने रूढ केलेला तो शब्द आहे.

आता पेपरविषयी, म्हणजे वंशावळीच्या प्रमाणपत्राविषयी, कारण बहुतेकांची फसगत येथेच होते. केनेल क्लब ऑफ इंडियाचे प्रमाणपत्र पिल्लाचे आईवडील आणि वंशावळ सांगते, त्यांच्या प्रकृतीविषयी काहीही सांगत नाही. त्यावरचा मायक्रोचिप क्रमांक (ही ओळखीची चिप पिल्लाच्या कातडीखाली बसवलेली असते) पशुवैद्याच्या स्कॅनरवर पडताळून पाहावा, वंशावळीत एकच नाव पुन्हापुन्हा येत नाही ना, म्हणजे जवळच्या नात्यातच प्रजनन झालेले नाही ना, हे बघावे, आणि मग खरा प्रश्न विचारावा: नर-मादीच्या तपासण्या कोणत्या केल्या आहेत? लॅब्राडॉरमध्ये खुब्याचा सांधा सदोष असण्याचे प्रमाण मोठे आहे; हा दोष बऱ्याच अंशी आनुवंशिक असून ८ आठवड्यांच्या दुडदुडणाऱ्या पिल्लात तो दिसत नाही. म्हणून पिल्लाच्या आईवडिलांच्या खुब्यांचे आणि कोपरांचे एक्स-रे पाहायला मागावेत. त्याचबरोबर हळूहळू अंधत्व आणणारा दृष्टिपटलाचा विकार आणि जोराच्या व्यायामानंतर मागचे पाय लुळे पडण्याचा विकार, या दोन्हींसाठी जनुकीय चाचण्या उपलब्ध आहेत. सदोष जनुकाची एकच प्रत असलेला कुत्रा आयुष्यभर ठणठणीत दिसतो, पण असे दोन कुत्रे एकत्र आणले तर प्रत्येक पिल्लाला विकार होण्याची शक्यता चारांत एक असते. त्यामुळे ‘आमचे नर-मादी एकदम फिट आहेत’ हे उत्तर, ते प्रामाणिक असले तरी, पुरेसे नाही. आपल्याकडे या सर्व तपासण्या करणारे ब्रीडर थोडे आहेत आणि त्यांची पिल्ले महाग असतात, तरीही पैसे तेथेच खर्च करावेत असे माझे ठाम मत आहे.

यानंतर पिल्ले जेथे वाढली तेथे प्रत्यक्ष जाऊन त्यांची आई पाहावी. मी ओळखीच्यांसोबत पिल्ले पाहायला जातो तेव्हा आधी आईकडेच पाहतो. दीड-दोन महिन्यांपूर्वी व्यायलेल्या मादीचे सड ओघळलेले असतात, अंगावरचे केस बरेच गळलेले असतात आणि ती थोडी रोडावलेलीही दिसते. अशा वेळी तुकतुकीत अंगाची, सपाट पोटाची मादी ‘आई’ म्हणून समोर आणली, तर ती बहुधा त्या पिल्लांची आई नसते. खरी आई अनोळखी माणसाजवळ कशी वागते हेही पाहावे, कारण तिचा भित्रेपणा किंवा चिडकेपणा पिल्लांत उतरू शकतो. तिचे वय आणि आतापर्यंतची वेतेही विचारावीत. नियमांनुसार १८ महिन्यांखालील मादीचे प्रजनन करता येत नाही, आणि वर्षभरात एकाहून अधिक वेत घेता येत नाही.

पिल्लांची जागा कोरडी असावी. कृश शरीर आणि टम्म फुगलेले पोट हे बहुतेकदा जंतांचे लक्षण असते. लसीच्या कार्डावर नुसत्या तारखा असून चालत नाही. कुपीवरून काढून चिकटवलेले, बॅच क्रमांकाचे लेबल आणि पशुवैद्याची सही, शिक्का व नोंदणी क्रमांक तेथे हवेत.

ब्रीडर आपल्याला काय विचारतो याकडेही लक्ष द्यावे. घरात दिवसभर कोण असते, सोसायटीत अडचण नाही ना, आधी कुत्रा पाळला आहे का, असे प्रश्न त्याने विचारले तर राग मानू नये; पिल्लू कोणाच्या हाती जाणार याची त्याला काळजी आहे. याउलट ज्याच्याकडे पाच-सहा जातींची पिल्ले बारा महिने तयार असतात, तो बहुतेक वेळा दलाल असतो. मादी ६३ दिवसांच्या आसपास व्यायते आणि त्यापुढे ८ आठवडे जातात, म्हणजे मेटिंगच्या वेळी नाव नोंदवले तरी चार महिने थांबावे लागते. तेवढे थांबण्याची तयारी ठेवावी.

व्यवहार लेखी असावा. पिल्लू नेल्यावर दोन-तीन दिवसांत आपल्या पशुवैद्याकडून तपासून घेण्याची मुभा, गंभीर दोष आढळल्यास रक्कम परत, आणि पुढे कधीही सांभाळणे अशक्य झाले तर कुत्रा परत घेण्याची हमी, एवढे त्यात यायलाच हवे. आपल्या विक्रेत्याने आगाऊ रक्कम मागितली आहे, तेव्हा ती देण्यापूर्वी त्याच्याकडे नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि आईला तिच्या जागी जाऊन पाहण्याची वेळ मागा. या दोन्हींपैकी एकालाही त्याने टाळाटाळ केली, तर एक रुपयाही देऊ नका.