मदत मागितली तर प्रवेश नाकारतील का?

‘आर्थिक मदत हवी, असं फॉर्ममध्ये लिहिलं तर नाव पहिल्याच फेरीत कटेल. आत्ता नको लिहू. ॲडमिशन पक्की झाली की मग मागू.’ अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करायचं घाटत असलं की मध्यमवर्गीय घरांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते कुठे बरोबर आहे आणि कुठे घात करतं, हे एका मुलीच्या अर्जाच्या आधाराने सांगतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावची. दहावीला स्टेट बोर्डात ९६ टक्के, बारावी सायन्स, गणिताची मनापासून आवड. वडिलांचं कृषी सेवा केंद्र, आई खासगी अनुदानित शाळेत शिक्षिका. दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न १२ लाख, म्हणजे डॉलर ८५ रुपयांना धरला तर साधारण १४ हजार डॉलर. ऑगस्टमध्ये बापलेक माझ्याकडे सल्ल्यासाठी आले तेव्हा मुलीचं कॉमन ॲपचं (एकाच अर्जावर अनेक कॉलेजांना अर्ज करता येतो ते संकेतस्थळ) खातं उघडलेलं होतं, सहा विद्यापीठं निवडलेली होती आणि प्रत्येकाच्या प्रश्नावलीत ‘गरजेवर आधारित मदत घेणार का?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ टिकलं होतं. एका एजंटाने तसं सांगितलं होतं. वडील म्हणाले, ‘‘सर, गरजू म्हणून गेलं की दारातूनच परत पाठवतात म्हणे. एकदा आत गेली की पोरीची हुशारी बघून देतील ना काहीतरी?’’

त्यांच्या भीतीत तथ्य आहे आणि ते आधीच मान्य केलेलं बरं. अमेरिकेतली बहुसंख्य कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत ‘नीड-अवेअर’ असतात, म्हणजे प्रवेश ठरवताना मदतीची गरजही पाहतात. परदेशी मुलांच्या मदतीसाठी त्यांच्याकडे दरवर्षी ठरावीकच पैसा असतो. तो संपत आला आणि सारख्याच तोडीचे दोन अर्ज समोर असले, तर कमी मदत लागणाऱ्याचं पारडं जड होतं. म्हणजे मदत मागितल्याने अशा ठिकाणी संधी कमी होते, हे खरं आहे.

‘मग मागू’ हा भाग मात्र चुकीचा आहे. प्रवेशाच्या वेळी मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढची चारही वर्षं गरजेवर आधारित मदत मागता येणार नाही, असा नियम कितीतरी कॉलेजांच्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलेला असतो. शिवाय प्रवेश मिळाला तरी व्हिसासाठी लागणारा आय-२० हा कागद, पहिल्या वर्षाच्या पूर्ण खर्चाची सोय दाखवल्याशिवाय कॉलेज देत नाही. मोठ्या खासगी कॉलेजांत शिक्षण, राहणं आणि जेवण मिळून वर्षाला ९० हजार डॉलरच्या आसपास खर्च येतो. वडिलांना कागदावर आकडा मांडून दाखवला: ८८ हजार गुणिले चार वर्षं, म्हणजे ३,५२,००० डॉलर, म्हणजेच ३ कोटींच्या घरात. दुकान आणि जमीन विकूनही ही रक्कम उभी राहणार नव्हती. असा प्रवेश म्हणजे मार्चअखेर हातात पडणारं एक सुंदर पत्र, एवढंच.

हिशेब पाहून वडील बराच वेळ गप्प होते. मग मुलीनेच विचारलं, ‘‘म्हणजे यादीच बदलायची का?’’ हो. खरं काम तिथेच होतं.

कॉमन ॲपवरच्या सहांशिवाय कॅलिफोर्निया विद्यापीठाचेही दोन पर्याय तिच्या मनात होते, बर्कली आणि लॉस एंजेलिस. हे सरकारी विद्यापीठ परदेशी विद्यार्थ्यांना गरजेवर आधारित मदत देत नाही, त्यामुळे दोन्ही नावं पहिल्या दिवशीच काढली. नाव मोठं म्हणजे मदत मोठी, असं समीकरण नसतं. कॉलेज परदेशी विद्यार्थ्यांना मदत देतं का, गरज पूर्ण भागवतं का आणि प्रवेश ठरवताना गरज पाहतं का, हे तीन प्रश्न प्रत्येक नावाला लावायचे. ‘१०० टक्के गरज भागवतो’ हे वाक्य कधीकधी फक्त अमेरिकी नागरिकांसाठी असतं, म्हणून परदेशी विद्यार्थ्यांचं पान वेगळं उघडून वाचायचं आणि शंका असेल तर मदत कार्यालयाला ईमेल करायचा.

परदेशी मुलांची गरज न पाहता प्रवेश ठरवणारी आणि नंतर गरज पूर्ण भागवणारी कॉलेजं थोडीच आहेत, उदाहरणार्थ हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट. डार्टमथ आणि बोडन यांनी २०२२ मध्ये हे धोरण जाहीर केलं आणि ब्राउनने २०२५ मध्ये दाखल होणाऱ्या तुकडीपासून ते लागू केलं. इथे मदत मागितल्याने काडीचंही नुकसान नाही. पण हार्वर्ड किंवा एमआयटीत शंभर अर्जदारांतल्या चार-पाच जणांनाच जागा मिळते, त्यामुळे सगळी यादी याच नावांनी भरणं धोक्याचं. दुसरा गट विल्यम्स, स्वार्थमोर, व्हॅसर, स्मिथ अशा कॉलेजांचा. इथे गरज पाहिली जाते, पण एकदा निवडलं की ती पूर्ण भागवली जाते. स्मिथ फक्त मुलींचं कॉलेज आहे हे ऐकून वडील थोडे निश्चिंत झाले. मुलगी मात्र तिथला गणित विभाग पाहून खूश होती.

शेवटी यादी अशी झाली: पहिल्या गटातली तीन, दुसऱ्या गटातली सात आणि गुणवत्तेवर मोठी शिष्यवृत्ती देणारी दोन विद्यापीठं. देशातले पर्याय म्हणून एमएचटी-सीईटी आणि गरजेनुसार फी कमी करणारं अशोका विद्यापीठ. हे देशातले पर्याय आधी ठरवावे लागतात. मार्चमध्ये नकार आल्यावर शोधायला लागलं, तर अर्ज-परीक्षांच्या मुदती उलटून गेलेल्या असतात.

मग ‘अर्ली डिसिजन’चा प्रश्न आला. यात नोव्हेंबरमध्ये एकाच कॉलेजला बांधील राहून अर्ज करायचा आणि निकाल डिसेंबरच्या मध्यावर लागतो. निवड झाली तर बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात. मदत पुरेशी नसेल तर या बंधनातून सुटका मागता येते, पण दुसऱ्या कॉलेजचं पत्र हातात नसल्याने तुलना करता येत नाही. त्यामुळे पैशाची अडचण असलेल्या मुलाने हा मार्ग टाळावा, असं सरसकट सांगितलं जातं. इतका सरसकट सल्ला पटत नाही. कॉलेज गरज पूर्ण भागवणारं असेल, घराचं उत्पन्न कमी आणि सरळ कागदावर दिसणारं असेल, तर आकडा फारसा अनपेक्षित येत नाही आणि निवडीची शक्यता मात्र वाढते. या मुलीने दुसऱ्या गटातल्या एका कॉलेजला असा अर्ज केला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो सीएसएस प्रोफाइलमध्ये, म्हणजे घरच्या आर्थिक परिस्थितीची माहिती देणाऱ्या ऑनलाइन फॉर्ममध्ये. वडिलांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून फाफसाचा, म्हणजे अमेरिकी सरकारच्या शैक्षणिक मदतीचा फॉर्म उघडून ठेवला होता. तो अमेरिकी नागरिक, ग्रीनकार्डधारक आणि आणखी काही मोजक्या गटांसाठी असतो, भारतातून जाणाऱ्या मुलाला त्याचा उपयोग नाही. परदेशी विद्यार्थ्यांसाठी बहुतेक खासगी कॉलेजं सीएसएस प्रोफाइल मागतात. तो १ ऑक्टोबरला खुला होतो. पहिल्या कॉलेजचे २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाचे १६. काही कॉलेजं स्वतःचा वेगळा फॉर्म भरून घेतात. कॉलेजच्या मदत कार्यालयाला नम्र ईमेल केला तर काही जण शुल्कमाफीचा कोड देतात. या मुलीला तीन ठिकाणी मिळाला.

पहिल्या मसुद्यात तीन मोठ्या चुका होत्या. आईचा वर्षाचा पगार भरताना एक शून्य जास्त पडलं होतं. आपण लाखांत विचार करतो आणि फॉर्ममध्ये स्वल्पविराम हजार-दशलक्षाच्या पद्धतीने पडतात, त्यामुळे ५,८०,००० चे ५८,००,००० व्हायला क्षण पुरतो. आकडे रुपयांत भरायचे, डॉलरमध्ये बदलत बसायचं नाही, आणि भरलेली प्रत्येक रक्कम अक्षरी मोठ्याने वाचून पाहायची.

दुसरी चूक जमिनीची. सातबाऱ्यावर आजोबांनंतर चार भावांची नावं लागली होती आणि एकूण ८ एकर जमीन वडिलांनी आपली म्हणून दाखवली होती. त्यांचा हिस्सा २ एकरांचा. एकत्र कुटुंबाची वाटणी न झालेली जमीन अमेरिकेत बसलेल्या अधिकाऱ्याला आपोआप कळत नाही. फॉर्मच्या शेवटी विशेष परिस्थिती सांगायला जागा असते. तिथे ‘जमीन चार भावांच्या नावे, आमचा हिस्सा एक चतुर्थांश, कोरडवाहू, स्वतंत्रपणे विकता येत नाही’ असं साध्या इंग्रजीत लिहिलं आणि सातबाऱ्याचं भाषांतर तयार ठेवलं.

तिसरी चूक दुकानाची. वडिलांनी उलाढाल हीच कमाई म्हणून लिहिली होती. खत-बियाण्यांच्या दुकानात ६० लाखांची विक्री होऊन हातात ६ लाख उरतात. सीएकडून नफा-तोट्याचं पत्रक घेतलं आणि आयकर विवरणातल्या आकड्याशी ते जुळवलं. दोन्हींत फरक पडला की कॉलेजकडून खुलाशाचं पत्र येतं आणि त्यात आठवडे जातात. काही पालक इथे उलट करतात, ठेवी लपवतात. ते करू नये. फॉर्ममध्ये न दाखवलेली ठेव व्हिसाच्या वेळी बँकेच्या कागदांत दिसली, तर मदत आणि प्रवेश दोन्ही जाऊ शकतात. या घरात ताईच्या लग्नासाठी ठेवलेले ७ लाख होते. ते दाखवले, आणि कशासाठी ठेवले आहेत तेही लिहिलं.

‘वर्षाला किती देऊ शकता?’ या प्रश्नाला शून्य लिहिलं तर जास्त मदत मिळेल, असं वडिलांना वाटत होतं. पण उत्पन्न असलेल्या घराने शून्य लिहिलं की बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. घरखर्च वजा करून ४ लाख हा आकडा ठरला.

मुख्य अर्जाची कथा तुलनेने सोपी. कॉमन ॲपमध्ये उपक्रमांसाठी १० जागा असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. तिने ऑलिम्पियाड आणि वक्तृत्व स्पर्धा भरल्या होत्या. रोज संध्याकाळी दोन तास ती दुकानात बसून उधारीची वही सांभाळते, हे मात्र कुठेच नव्हतं. ‘‘ते काय, घरचंच काम आहे,’’ असं तिचं म्हणणं. त्या यादीत कौटुंबिक जबाबदारी असा वेगळा प्रकारच आहे. दोनशेहून जास्त शेतकऱ्यांची खाती, हंगामानंतरची वसुली आणि त्यासाठी तिने संगणकावर केलेला तक्ता, हे सगळं पहिल्या क्रमांकावर गेलं. तिचा ६५० शब्दांचा निबंधही त्या वहीवरच झाला.

कागदपत्रांत अडलं ते ज्युनिअर कॉलेजमध्ये. नववी-दहावीचे गुण आधीच्या शाळेकडून घ्यावे लागतात, तिथे दिवाळीच्या सुट्टीआधी जायला हवं. समुपदेशकाचा रकाना बहुतेक ज्युनिअर कॉलेजांत प्राचार्य किंवा उपप्राचार्यच भरतात. त्यांना बारावीचे अंदाजे गुण कळवणं नवीन असतं, कारण बोर्डाचा निकाल लागायच्या आत कॉलेजांचे निर्णय होऊन गेलेले असतात. शिफारसपत्रात ‘हुशार, नम्र, मनमिळाऊ’ एवढंच असेल तर ते वाया जातं. तिने भौतिकशास्त्राच्या सरांना वर्गातले तीन प्रसंग एका पानावर लिहून दिले आणि सरांनी त्यातल्या एकावर पूर्ण पत्र लिहिलं. जी मुलं वर्षभर फक्त क्लासला जातात आणि कॉलेजात हजेरीपुरती असतात, त्यांना हे पत्र कोण देणार, याचा विचार अकरावीतच करायला हवा.

डिसेंबरमध्ये अर्ली डिसिजनचा निकाल आला: निर्णय पुढे ढकलला. मार्चअखेर पहिल्या गटातली तिन्ही कॉलेजं नाही म्हणाली, दोन ठिकाणी प्रतीक्षायादी, आणि दुसऱ्या गटातल्या एका कॉलेजने मदतीसह निवड केली. पत्रात एकूण खर्च ८९,८०० डॉलर होता, कॉलेजचं अनुदान ८२,७००, कॅम्पसवरच्या कामातून अपेक्षित २,५०० आणि घरचा वाटा ४,६००. वडिलांना वाटलं, २,५०० आधीच मिळणार. तसं नसतं. ती रक्कम वर्षभर आठवड्याला काही तास काम करून पगाराच्या रूपात येते, त्यामुळे पहिल्या सत्राचं बिल भरायला उपयोगी पडत नाही.

पत्रात न दिसणारी आणखी एक बाब असते: कर. अनुदानातला शिक्षणशुल्क आणि पुस्तकांवरचा भाग करमुक्त, पण राहण्या-जेवणासाठी मिळालेल्या भागातून एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याचा सहसा १४ टक्के कर कापला जातो. तिच्या बाबतीत तो भाग १४,५०० डॉलरचा, म्हणजे कर २,०३० डॉलर. भारत-अमेरिका करकरारामुळे भारतीय विद्यार्थ्याला रिटर्न भरताना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं आणि कापलेल्यातला बराचसा पैसा परत येऊ शकतो, पण तो पुढच्या वर्षी. तोवरची सोय घरातूनच करावी लागते.

म्हणून १ मेपर्यंत होकार कळवायच्या आधी तिने मदत कार्यालयाला एक ईमेल पाठवला. त्यात तीन प्रश्न होते: हा कर आधीच्या हिशेबात धरला आहे का, आरोग्यविमा एकूण खर्चात आहे की वेगळा, आणि दरवर्षी फी वाढली तर अनुदानही वाढतं का. चार दिवसांत उत्तर आलं. विमा खर्चात होता, फीबरोबर अनुदानही वाढणार होतं आणि कराची रक्कम दोन हप्त्यांत भरायची मुभा मिळाली. वडिलांनी ती चिठ्ठी छापून दुकानातल्या वहीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सेव्हिसच्या (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीच्या) ३५० आणि व्हिसाच्या १८५ डॉलरची चौकशी करायला बँकेत गेले.