छत्तिसाव्या वर्षी ज्युडो लावला, दम कसा वाढवू?

प्रश्न : मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला, वय ३६, घरी सात एकर कपाशी अन् तूर. पोरगी तालुक्याला ज्युडो शिकते, तिला नेता-आणता मीही दीड महिन्यापासून क्लास लावला. शेतात दिवसभर राबतो पण मॅटवर दोन मिनिटांत छाती फुटायला येते, हाताच्या पोटऱ्या दगडासारख्या होतात आणि पडलो की मान दुखते. मित्र म्हणतात आधी सहा महिने जिम कर, पळायला जा, मग ज्युडो कर. काय करू?

उत्तर : दादा, क्लास सोडू नका, पहिले हेच सांगते. जिममध्ये सहा महिने घालवून परत आलात तरी मॅटवर पहिल्या आठवड्यात असाच दम लागेल, कारण समोरचा माणूस ओढतो, ढकलतो, लटकतो, आणि ती सवय मॅटवरच होते. तुमच्यात ताकद आहे हो, पण शेतातलं काम एका संथ लयीत चालते आणि ज्युडोत २०-३० सेकंद जीव तोडून जोर, मग काही सेकंद उसंत, पुन्हा जोर. मोठ्यांची मॅच ४ मिनिटांची असते, बरोबरी झाली तर गोल्डन स्कोअर, म्हणजे जादा वेळ, निकाल लागेपर्यंत चालतो. म्हणून रोज पाच किलोमीटर पळण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा बांधावर २० सेकंद जोरात धावा, ४० सेकंद चाला, असं सहा वेळा करा, जमलं की आठ. आणि नव्या माणसाचा अर्धा दम तर श्वास रोखल्यानं जातो, पकड घेताना तोंडानं श्वास सोडत राहा.

मानेचं मात्र मला खरंच काळजीचं वाटते. मान दुखते म्हणजे पडताना डोकं मागं जात असेल. उकेमी, म्हणजे पडायचं तंत्र, पक्कं होईपर्यंत रांदोरी, म्हणजे मोकळी लढत, थोडी कमी करा, सरांना तसं स्पष्ट सांगा, लाज कसली. हनुवटी छातीला, नजर बेल्टच्या गाठीवर, श्वास सोडत पडायचं, हात शरीरापासून थोडा बाजूला ठेवून तळव्यापासून कोपरापर्यंतच्या हातानं मॅट हाणायची, आणि हात टेकवून पडणं थांबवायला जायचं नाही, मनगट अन् हसळी, म्हणजे गळ्याजवळचं हाड, त्यातच मोडते. घरी कापसाच्या जाड गादीवर बसल्या बसल्या मागं पडायचा सराव करा, उभ्यानं नको. पोरीला समोर बसवा, तुमची हनुवटी उचलली की तिनं टोकायचं, तिला हे तुमच्यापेक्षा चांगलं येते. डोक्याला मार लागून गरगरलं, मळमळलं, किंवा मान दुखून हाताला मुंग्या आल्या तर त्या दिवशी खेळ बंद आणि सरळ डॉक्टरकडे. तसंही पस्तिशी ओलांडली आहे, एकदा बीपी-शुगर तपासूनच घ्या.

हाताच्या पोटऱ्या भरतात कारण पकड सतत आवळून ठेवता. गरज असेल तेव्हाच आवळा. घरी निंबाच्या मजबूत फांदीवर दुपट्टा टाकून दोन्ही टोकं धरून लटका, १० सेकंदांपासून सुरू करा. सोबत दंड-बैठका, पण पाठ सरळ राहील तितक्याच. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात १९१४ पासून ही परंपरा आहे, आपल्याकडच्या माणसाला महागडी मशीन लागतच नाही. तुरीचं अर्धं पोतं छातीशी धरून वीस पावलं चालणं हाही ज्युडोसाठी चांगला व्यायाम.

खाण्यात भाकरीसोबत वरण दाट घ्या, उकडलेले चणे, शेंगदाणे, अंडी चालत असतील तर दोन. उन्हाळ्यात ज्युडोचा तो जाड कॉटन ड्रेस घामानं ओला जड होतो, तेव्हा सकाळी लवकरची बॅच मागा आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी जवळ ठेवा. कापूस वेचणीच्या दिवसांत कंबर आधीच वाकून वाकून कामाला गेलेली असते, त्या हप्त्यात घरचा व्यायाम पूर्ण बंद, फक्त क्लास, तोही एखादा दिवस चुकला तर चुकू द्या.