टिप्सी, हॅमर्ड, ब्लॅकआउट: नेमकी कोणती किती चढलेली?

अमेरिकन कॉलेजातली मुलं दारू चढल्यावर बझ्ड, टिप्सी, वेस्टेड, हॅमर्ड असं काहीबाही म्हणतात, त्याचा चढता क्रम तुम्ही विचारलाय. तिथे शिकताना रूममेट्सच्या तोंडून हे शब्द रोज ऐकलेत, त्यावरून सांगतो.

खालच्या टोकाला क्रम लागतो. बझ्ड म्हणजे नुकती किक बसलेली: गाल गरम, बडबड वाढलेली, पण मेसेज अजून धड टाइप होतोय. टिप्सी त्याच्या जरा पुढे. ड्रंक म्हणजे सरळ चढलेली. त्याच्या वर पायऱ्या संपतात. वेस्टेड, हॅमर्ड, प्लॅस्टर्ड, ट्रॅश्ड हे सगळे आपल्या टुन्न-तर्रसारखे, यात वरचा कोण यावर भांडण्यात अर्थ नाही. ही हौस काही आजच्या पोरांची नाही. बेंजामिन फ्रँकलिनने १७३७ मध्येच 'पेनसिल्व्हेनिया गॅझेट'मध्ये झिंगलेल्यांसाठीचे २०० हून जास्त शब्दप्रयोग छापले होते.

खरं तर किती प्यायली यापेक्षा कोण बोलतंय आणि कधी, यावर शब्द ठरतो. शुक्रवारी रात्री भिंतीला धरून उभा असलेला गडी म्हणणार, "आय अ‍ॅम जस्ट बझ्ड." तोच शनिवारी दुपारी डोकं धरून सांगणार, "ड्यूड, आय वॉज सो हॅमर्ड!" रात्री झाकायचं, दुपारी मिरवायचं. मिसूरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ च्या सुमारास यावर अभ्यास केला. मुली टिप्सी जास्त म्हणतात, मुलं हॅमर्डसारखे दणदणीत शब्द वापरतात, असं त्यांना दिसलं. गंमत म्हणजे मुलींच्या त्या टिप्सीमागे सरासरी दोन तासांत चार ड्रिंक्स निघाली, आणि अमेरिकेत बायकांच्या बाबतीत बिंज ड्रिंकिंगची, म्हणजे थोड्या वेळात भरमसाट पिण्याची, व्याख्या नेमकी तेवढीच आहे. (तिथलं एक ड्रिंक म्हणजे साधारण ३५५ मिली साधी बिअर.)

एक जोडी मात्र अजिबात अदलाबदल करू नका. ब्लॅक्ड आउट झालेला माणूस जागा असतो. बोलतो, नाचतो, पिझ्झा मागवतो, फक्त मेंदूत नोंद होत नाही. सकाळी विचारलं तर कोरी पाटी. पास्ड आउट म्हणजे शुद्ध हरपून आडवा. त्याला एका कुशीवर वळवा, नाहीतर उलटी घशात अडकून गुदमरेल. हलवून उठत नसेल किंवा श्वास थांबून थांबून येत असेल तर सरळ ९११ (तिथला आपत्कालीन नंबर) लावा. "झोपू दे, उतरेल" म्हणून खोलीचं दार लावून घेऊ नका. पोटातली दारू झोपेतही रक्तात जात राहते, म्हणजे तो आडवा झाल्यावरही नशा वाढू शकते.

क्रॉसफेडेड ऐकलंत तर दारूबरोबर गांजाही झालाय. आणि पिस्ड ब्रिटिश मुलगा म्हणाला तर त्याला चढलीय, अमेरिकन म्हणाला तर तो कुणावर तरी भडकलाय.