माळरानाचे फोटो काढतेस, आता त्यांची नोंद ठेव

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. घराजवळच्या माळरानाचे आणि त्याला लागून असलेल्या पाणथळीचे फोटो मी तीन वर्षं काढते आहे. आता तिथे मोठा प्रकल्प येतोय आणि त्याच्या कागदपत्रांत या जागेला ‘पडीक जमीन’ म्हटलं आहे. माझ्या फोटोंना ऑनलाइन भरपूर लाइक्स मिळतात, पण त्यानं काहीच हललं नाही. मला निसर्ग छायाचित्रणातच करिअर करायचं आहे आणि ते अशा जागा वाचवण्याच्या कामी यावं असं वाटतं. त्यासाठी पदवी सोडून फोटोग्राफीचा कोर्स करू का? कॅमेरा कोणता घेऊ? बाबा म्हणतात, छंद म्हणून ठीक आहे, यावर पोट भरणार नाही.

उत्तर : पदवी अजिबात सोडू नकोस. तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट वनस्पतिशास्त्र ही आहे. माळरानाचे देखणे फोटो काढणारे पुष्कळ असतात. पण फोटोत पुढे दिसणारं गवत कोणतं, ते बहुवर्षायू आहे की एका हंगामाचं, शेजारचं झुडूप मूळचं तिथलं की बाहेरून आलेलं, हे सांगू शकणारे फार थोडे. ‘पडीक’ या शब्दाला उत्तर त्या माहितीतूनच देता येतं.

लाइक्सनी काही हललं नाही, याचा अर्थ फोटो कमी पडले असा घेऊ नकोस. निर्णय ज्यांच्या हातात आहे त्यांच्यापुढे ते वेळेत आणि तपासून बघता येतील अशा रूपात गेलेच नाहीत. या क्षेत्राचा इतिहास बघितलास तर हेच पुन्हा पुन्हा दिसेल. छायाचित्रकार कार्लटन वॉटकिन्स यांनी १८६१ साली अमेरिकेतल्या योसेमिटीच्या दरीत सुमारे १८ बाय २२ इंचांच्या काचेच्या प्लेटांवर फोटो घेतले. ते वॉशिंग्टनपर्यंत पोहोचले आणि जून १८६४ मध्ये ती दरी राखून ठेवणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची सही झाली. सही करणाऱ्यानं ती दरी कधी पाहिलेली नव्हती. टास्मानिया या ऑस्ट्रेलियाच्या बेटावरच्या फ्रँकलिन नदीवर धरण होणार होतं, तेव्हा पीटर डोम्ब्रोव्स्किस यांचा नदीच्या वळणावरच्या सकाळच्या धुक्याचा फोटो १९८३ च्या निवडणुकीआधी वर्तमानपत्रांत रंगीत जाहिरात म्हणून छापला गेला. धरणाला विरोध करणारा पक्ष निवडून आला, जुलैमध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयानं ४ विरुद्ध ३ मतांनी धरण थांबवणाऱ्या केंद्र सरकारच्या बाजूनं कौल दिला आणि नदी वाहती राहिली. त्यामागे मोठं आंदोलन होतं, लोकांनी अटक करून घेतली होती, वकील होते. फोटो त्या सगळ्यांच्या जोडीनं, ऐन वेळी लोकांसमोर आला. याउलट अमेरिकेतल्या ग्लेन कॅन्यनचे एलियट पोर्टर यांचे अप्रतिम फोटो पुस्तकरूपानं आले ते १९६३ साली, आणि त्याच वर्षी धरणाचे दरवाजे बंद होऊन दरीत पाणी चढू लागलं होतं.

म्हणून शटर दाबायच्या आधी दोन गोष्टी ठरव: हा फोटो कोण बघणार आहे आणि त्यानं बघायची शेवटची तारीख कोणती.

आता ‘पडीक’कडे येऊ. माळरानाचा घात बहुतेक वेळा ऋतूमुळे होतो. कोरड्या महिन्यात पाहणी केली की गवत वाळलेलं, पाणथळ आटलेली, जमिनीला भेगा, आणि अहवालात नेमके तेच फोटो लागतात. त्याच जागेवरून पावसानंतरचा, फुलोऱ्याचा, स्थलांतरित पक्षी उतरले असतानाचा आणि वाळलेल्या काळातला असे चार-पाच फोटो एकाखाली एक ठेवले, तर वेगळा युक्तिवाद करावा लागत नाही. मात्र ते सगळे *त्याच* जागेवरून घेतलेले असले पाहिजेत. ‘साधारण तिथूनच’ चालत नाही. याला स्थिर बिंदूवरून पुनःपुन्हा छायाचित्रण म्हणतात. हिमनद्या मागे हटल्याचे जगाला पटलेले पुरावेही याच पद्धतीचे आहेत. छायाचित्रकार जेम्स बॅलॉग यांच्या २००७ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात कॅमेरे बर्फापुढच्या खडकांना पक्के बांधले होते आणि उजेड असेपर्यंत ते ठरावीक अंतरानं फोटो घेत राहिले.

तुला कॅमेरा कायमचा बांधून ठेवायची गरज नाही. सहा ते आठ बिंदू निवड. त्यातले दोन उंचावरचे असू देत, दोन पाणथळीच्या काठाचे, एक प्रकल्पाच्या हद्दीजवळचा, आणि एक हद्दीपासून लांब, जिथे काही बदलणार नाही असा. हा शेवटचा विसरू नकोस. बदल पावसामुळे झाला की बांधकामामुळे, हे त्याच्याशी ताडूनच कळतं.

प्रत्येक बिंदूवर जमिनीत पक्का रोवलेला दगड खुणेला धर. अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत लिही, पण त्यावर विसंबू नकोस. पाचवं स्थळ म्हणजे साधारण एक मीटर असलं, तरी फोनचा जीपीएस उघड्यावरही काही मीटर चुकतो. म्हणून त्या दगडापासून आणखी दोन न हलणाऱ्या खुणांचं अंतर टेपनं मोजून ठेव. झाड खुणेला घेऊ नकोस. ते वाढतं, पडतं, तोडलं जातं. होकायंत्रानं दिशा अंशांत नोंदव आणि ती चुंबकीय उत्तरेपासून मोजली आहेस की खऱ्या उत्तरेपासून, तेही लिही. जमिनीपासून लेन्सच्या मध्यापर्यंतची उंची दर वेळी तीच हवी, समजा दीड मीटर. एकाच फोकल लांबीची, म्हणजे झूम न होणारी लेन्स असेल तर उत्तम. झूम वापरलीस तर ती अगदी टोकाला नेऊन वापर, कारण मधे कुठेतरी थांबवलेली झूम पुढच्या खेपेला तंतोतंत तिथेच लागत नाही. लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) एफ/८ ते एफ/११, प्रकाशाची संवेदनशीलता आयएसओ १००, कॅमेरा ट्रायपॉडवर. पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) काढून ठेव, कारण तो पाण्यावरची चमक आणि गवताचा रंग बदलतो आणि दोन महिन्यांची तुलना बिघडते.

पुन्हा त्याच जागी उभं राहायची युक्ती अशी. आधीचा फोटो छापून सोबत ने आणि त्यात जवळची एक व लांबची एक वस्तू शोध. समजा, पाणथळीच्या काठावरचा काळा खडक आणि त्याच्या बरोबर मागे डोंगरमाथ्यावरची खाच. आज व्ह्यूफाइंडरमध्ये खडक खाचेच्या डावीकडे सरकलेला दिसला, तर तू पहिल्या जागेपेक्षा उजवीकडे उभी आहेस, डावीकडे सरक. खडकाचं टोक खाचेच्या मानानं खाली गेलेलं दिसलं, तर कॅमेरा जास्त उंच झाला आहे. वीतभर सरकलं तरी फरक दिसतो. सुरुवातीला एका बिंदूला वीस मिनिटं लागतील, नंतर पाच. वेळही तीच ठेव, कारण सावल्यांची लांबी बदलली की तेच गवत वेगळं दिसतं. पहाटेचा सोनेरी उजेड लोकांना थांबवणाऱ्या फोटोसाठी जरूर वापर, पण नोंदीच्या फोटोला सूर्य बराच वर आलेला असताना किंवा पातळ ढगांत मिळणारा साधा उजेडच बरा. दोन्ही प्रकारचे फोटो लागतात, फक्त त्यांची गल्लत करू नकोस.

रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, कायम ठेव, तिला हात लावू नकोस. दर खेपेला आधी कॅमेऱ्याचं घड्याळ तपास आणि पहिली फ्रेम फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या वेळेची घे, म्हणजे घड्याळ चुकलं असलं तरी नंतर दुरुस्त करता येतं. फाइलच्या नावात आधी वर्ष-महिना-दिवस, मग बिंदूचा क्रमांक. कॅप्शन त्याच संध्याकाळी फाइलच्या आयपीटीसी रकान्यांत (फोटोच्या फाइलमध्येच माहिती साठवायची जागा) भर: काय दिसतं, कुठे, कधी, कोणत्या दिशेनं, ओळख कोणी पटवली. ‘निसर्गाची उधळण’ असं कॅप्शन जनसुनावणीत निरुपयोगी ठरतं. ‘बिंदू ४, ईशान्येकडे, पावसाळ्यानंतरचा तिसरा आठवडा, पाण्याची कड खुणेच्या दगडापासून ११ मीटरवर’ हे मात्र कुणालाही जागेवर जाऊन पडताळता येतं. आणि फोटो मेसेजिंग ॲपवरून पाठवू नकोस. बहुतेक ॲप चित्र दाबून लहान करतात आणि त्यातली तारीख-जागेची माहिती पुसतात. मूळ फाइल लिंकनं दे.

संपादनात उजेड, रंगाचा तोल आणि क्षितिज सरळ करणं इथेच थांब. आकाश बदलणं, वायर पुसणं, दोन फ्रेम जोडून पक्ष्यांचा थवा वाढवणं, यातलं एक जरी सापडलं तरी समोरचा पक्ष तुझे उरलेले दोनशे खरे फोटोही खोटे ठरवायला मोकळा होतो.

जागेची अचूक माहिती लिहायला सांगितलं, पण ती सगळीकडे उघड करू नकोस. घरटी, पिल्लांच्या बिळांच्या जागा, दुर्मीळ ऑर्किड यांचे अक्षांश-रेखांश फक्त तुझ्या संग्रहात आणि विश्वासाच्या अभ्यासकाकडे असावेत. ऑनलाइन टाकताना ते काढून टाक. ओळखू येणारा डोंगर मागे दिसत असेल तर फ्रेमही बदल. घरट्यासमोरच्या फांद्या बाजूला करून फोटो घेतला की ऊन आणि शिकारी दोघांना वाट मोकळी होते. पक्ष्याला रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवून बोलावणंही टाळ. ज्याला वाचवायचं त्यालाच त्रास देऊन मिळवलेला फोटो या कामाचा नव्हे.

ऑनलाइन लाइक्सपेक्षा कितीतरी कामाची जागा म्हणजे आयनॅचरलिस्ट, सजीवांच्या नोंदींचं संकेतस्थळ. तिथे तारीख-जागेसह टाकलेल्या फोटोची ओळख इतरांनी पक्की केली, दर्जा ‘रिसर्च ग्रेड’ झाला आणि परवाना योग्य निवडला असेल, तर ती नोंद जीबीआयएफ या जागतिक जैवविविधता साठ्यात जाते आणि अभ्यासक तिचा हवाला देऊ शकतात. उपग्रहचित्रंही जोडीला घे. लँडसॅट या उपग्रहांचा साठा १९७२ पासूनचा आहे आणि २००८ पासून तो फुकट मिळतो. सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रं २०१५ पासूनची, १० मीटर तपशिलाची आहेत. वरून पाण्याचा विस्तार दिसतो आणि तुझा जमिनीवरचा फोटो त्या निळ्या ठिपक्यात कोण राहतं ते दाखवतो. क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर शिकलीस की दोन्ही एका नकाशावर येतात. ड्रोनची घाई नको. परवानगीचे नियम कडक असतात, संरक्षित क्षेत्रात तो बहुधा चालतच नाही आणि पाणथळीवर बसलेला थवा त्याच्या आवाजानं उठतो.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात: आहे तोच वापर. या कामाला लांब पल्ल्याची महागडी लेन्स शेवटी लागते. आधी बळकट ट्रायपॉड, ३५ किंवा ५० मिलिमीटरची एक लेन्स आणि दोन हार्ड डिस्क. फार वाइड लेन्सनं समोरचं गवत भव्य दिसतं, पण मागची खाण किंवा रस्ता नखाएवढा होतो. जो धोका दाखवायचा तोच हरवतो.

आता बाबांच्या मुद्द्याकडे. त्यांची काळजी रास्त आहे. केवळ निसर्गाचे फोटो विकून घर चालवणारे जगभरात थोडेच आहेत. मात्र फोटोग्राफीसोबत दुसरं एक कौशल्य असणाऱ्याला काम मिळतं: पर्यावरण संस्थांचे संवाद विभाग, अधिवासांचं दीर्घकाळ निरीक्षण करणारे प्रकल्प, नकाशे आणि दूरसंवेदन (उपग्रहचित्रांचा अभ्यास), वनस्पतिसंग्रहांचं डिजिटायझेशन, विज्ञानलेखन. गॅबनमध्ये जीवशास्त्रज्ञ माइक फे मध्य आफ्रिकेतली जंगलं पायी पालथी घालत होते आणि मायकेल निकोल्स त्या मोहिमेचे फोटो घेत होते. २००२ मध्ये त्या देशानं एकदम १३ राष्ट्रीय उद्यानं जाहीर केली, त्यात या जोडीच्या कामाचा मोठा वाटा होता. शास्त्रज्ञाच्या नोंदवहीशिवाय ते फोटो नुसती दृश्यं राहिली असती. तुझ्यात या दोन्ही बाजूंची सुरुवात झालेली आहे. म्हणून पदवी पूर्ण कर, पुढे परिसंस्थाशास्त्र किंवा जीआयएस (संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळण्याचं शास्त्र) घे आणि फोटोग्राफीचा सुट्टीतला छोटा कोर्स पुरे. व्हिडिओ आणि स्वच्छ ध्वनिमुद्रण मात्र आतापासून शिक; संस्था आज दोन्ही एकाच माणसाकडून मागतात. पदवी संपेपर्यंत एका जागेचं चार-पाच वर्षांचं नीट मांडलेलं काम तुझ्या हातात असेल आणि मुलाखतीत ते वीस देशांतल्या वीस सुंदर फोटोंपेक्षा जास्त बोलेल. संस्थेला फोटो देताना हक्क कायमचे लिहून देऊ नकोस. कशासाठी, किती काळ, कोणत्या माध्यमात, हे चार ओळींत लेखी घे. माळरानावर गुरं चारणाऱ्यांचे फोटो घेशील तेव्हा त्यांना उपयोग सांगून परवानगी घे. ते त्या जागेचे सगळ्यात जुने साक्षीदार आहेत, तुझ्या मांडणीत ते असायलाच हवेत.

सगळ्यात आधी प्रकल्पावर हरकती घ्यायची मुदत कधी संपते ती तारीख काढ. मुदत महिन्याभराची असेल तर नव्या बिंदूंचे फोटो तोवर पुरेसे होणार नाहीत, आणि इथे तुझी मागची तीन वर्षं कामी येतील. ऑनलाइन टाकलेल्या प्रती सोडून दे, मूळ फाइल शोध. एकाच ठिकाणाहून वेगवेगळ्या ऋतूंत घेतलेले फोटो वेगळे काढ, त्यांतले बारा निवड, प्रत्येकाला क्रमांक दे आणि ते क्रमांक एका नकाशावर मांड. वनस्पतींची ओळख तुझ्या प्राध्यापकांकडून तपासून त्यांच्या नावासह लिही. मग अहवालातल्या ज्या पानावर ‘पडीक’ लिहिलं आहे त्या पानाचा हवाला देऊन हा संच हरकतीला जोड आणि पोच घे.

आणि हे करायच्या आधी, आजच, त्या तीन वर्षांच्या फाइलींच्या तीन प्रती कर, त्यातली एक घराबाहेर ठेव. टास्मानियातल्या लेक पेडरचे फोटो वर्षानुवर्षं काढणाऱ्या ओलेगास ट्रुकानास यांचं घर १९६७ च्या वणव्यात जळालं आणि सगळा संग्रह त्यासोबत गेला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पण १९७२ मध्ये ते तळं धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि त्याच वर्षी गॉर्डन नदीचे फोटो घ्यायला गेलेले ट्रुकानास नदीत बुडाले. तुझ्याकडची तीन वर्षं सध्या बहुधा एकाच लॅपटॉपवर असतील.