पोटरीतलं कॅल्शियम येतं कुठून?

उपवनवरून येऊरचा चढ धावून आल्यावर पोटरीत गोळा आला, शेजारच्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या सुचवल्या, आणि आखडणाऱ्या स्नायूला कॅल्शियम रक्तातूनच मिळतं का, असं तुम्ही विचारलंय. ठाण्यात बरीच वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, पण हा प्रश्न फार थोड्या मुलांनी विचारला.

पोटरीचा स्नायू आखडतो तो स्वतःच्या साठ्यावर. स्नायूच्या प्रत्येक तंतूत पडद्याची जाळीदार पिशवी असते, सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम. सोसायटीच्या गच्चीवरची टाकीच समजा. पिशवीत कॅल्शियम ठासून भरलेलं, बाहेरच्या पेशीद्रवात मोकळं कॅल्शियम त्याच्या हजारो पटींनी कमी. मज्जातंतूचा संदेश तंतूच्या पडद्यावरून धावतो आणि टी-नलिकांतून, म्हणजे त्याच पडद्याच्या आत वळलेल्या बारीक नळ्यांतून, थेट आत उतरतो. तिथलं एक प्रथिन विजेचा बदल ओळखून आपला आकार बदलतं आणि पिशवीवरचं रायनोडिन रिसेप्टर नावाचं दार उघडतं. कॅल्शियम उतारावरून पाणी यावं तसं बाहेर येतं, ट्रोपोनिन या स्नायूतल्या प्रथिनाला चिकटतं, आणि स्नायू आखडतो.

हृदयाचं मात्र वेगळं. तिथे बाहेरून थोडं कॅल्शियम आत आल्याशिवाय साठ्याचं दार उघडत नाही. इंग्रज डॉक्टर सिडनी रिंगर यांच्या प्रयोगात बेडकाचं हृदय लंडनच्या नळाच्या पाण्यातल्या द्रावणात धडधडत राहिलं, ऊर्ध्वपातित पाण्यातल्या द्रावणात थांबलं. फरक नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा होता, हे त्यांनी 1883 मध्ये मांडलं. हा प्रयोग शिकवताना मला दरवेळी नव्याने आनंद व्हायचा.

आता खर्चाचं. टाकीतून पाणी खाली यायला वीज लागत नाही, वर चढवायला मोटर लागते. इथली मोटर म्हणजे सर्का पंप. दोन कॅल्शियम आयन परत आत ओढायला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्ची पडतो. म्हणजे स्नायू सैल होणं हे आयतं मिळत नाही, त्यालाही ऊर्जा लागते. दमलेला स्नायू सैल व्हायला वेळ घेतो, त्यामागे या पंपाचं मंदावणं हे एक कारण आहे.

म्हणून गोळा आला की कॅल्शियम कमी पडलं, असं समजू नका. धावल्यानंतरचा गोळा बहुधा मज्जातंतू उगाच संदेश पाठवत राहिल्याने येतो. रक्तातलं कॅल्शियम खरंच घटलं तर ओठांभोवती मुंग्या येतात, हाताची बोटं वाकडी होतात. तसं झालं तर लगेच डॉक्टरांकडे जा. नाहीतर रक्त तपासल्याशिवाय गोळ्या सुरू करू नका. पुढच्या वेळी गोळा आला की खाली बसा, गुडघा सरळ ठेवा आणि पायाचा चवडा हळूहळू स्वतःकडे ओढून धरा.