सात किलोंत ब्लेझर

प्रश्न : सांगलीहून बसने पुणे आणि तिथून विमानाने दिल्ली. तीन दिवस, दोन बैठका. फक्त केबिन बॅग नेतो. मागच्या खेपेला ब्लेझर आणि शर्ट बाहेर काढले तर नुसत्या चुण्या! शिवाय हळदपुडीचे नमुने असतात. बॅग कशी भरावी?
– एक वाचक, विश्रामबाग

उत्तर : देशांतर्गत विमानात केबिन बॅगेला बहुधा ७ किलोंचीच मुभा असते आणि चाकांची रिकामी बॅगच त्यातले अडीच-तीन किलो खाते. म्हणून चामडी बूट पायातच घाला. बॅगेत दोन पँटी आणि तीन शर्ट पुरेत.

चुण्यांचं मूळ बऱ्याचदा इस्त्रीतच असतं. गरम, दमट कापडाची घडी घातली की ती थंड होताना तशीच बसते. कपडे आदल्या दिवशी इस्त्री करून रात्रभर हँगरला ठेवा. लाँड्रीवाल्याला खळ नको म्हणून बजावा. खळीचा सुती शर्ट दुमडला की कडक रेघ पडते आणि ती हाताने जात नाही.

भरताना आधी पँटी. कंबर बॅगेच्या एका कडेला, पाय समोरच्या कडेवरून बाहेर लोंबू द्या. दुसरी पँट उलट्या दिशेने. त्यावर शर्ट, कॉलरच्या पोकळीत गुंडाळलेले मोजे. मग पँटींचे पाय वर आणून सगळं झाका. घडी कपड्यांभोवती वळते, त्यामुळे गुडघ्यावर धारदार मोड येत नाही. मोकळी जागा मात्र ठेवू नका, बनियन-टॉवेल कोंबा. चुण्या दाबाइतक्याच कपडे सरकण्यानेही पडतात.

ब्लेझरचा एक खांदा उलटा करा, दुसरा सुलट खांदा त्यात घुसवा. अस्तर बाहेर येतं. मध्ये ड्रायक्लीनची प्लास्टिक पिशवी घालून एकदाच आडवा दुमडा आणि सगळ्यात वर ठेवा. पोचल्या पोचल्या टांगा. न्हाणीघरात गरम पाणी सोडून दार लावलं तर दहा-पंधरा मिनिटांत लोकरी कापड सैलावतं. सुती शर्टाला वाफ पुरत नाही, त्याला इस्त्रीच हवी.

नमुने चार दिवस आधी कुरिअरने पाठवा. पिशवी फुटली की बैठकीचा पांढरा शर्ट गेलाच समजा. साबण लावला की डाग लाल होतो, कारण हळद क्षारात रंग बदलते. खरा उतारा ऊन, पण हॉटेलच्या खोलीत ते आणणार कुठून?